विश्लेषण : मराठवाड्याला पॅकेज मिळते, मग वडवणीचा कोयता थांबत का नाही?

घोषणा हजारो कोटींची होते, पण तालुक्यापर्यंत येईतो तिचे काय होते? अनुशेष, पॅकेज, रेल्वे, जिल्हा वार्षिक योजना आणि उद्योगाचे अनुदान, असा हा सरकारी पैसा कोणत्या वाटेने येतो, कुठे अडतो आणि कोणत्या महिन्यात मागावा लागतो, याचा आढावा.

प्रश्न नेमका काय?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून, वस्त्या-तांड्यांवरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. बीड-परळी रस्त्यावरचा वडवणी तालुका त्याला अपवाद नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हा कोयता साधारण पाच-सहा महिने घराबाहेर असतो. मुले सोबत गेली तर शाळा सुटते, मागे ठेवली तर म्हातारी माणसे त्यांना सांभाळतात.

या स्थलांतराची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ महिलांचे सर्वेक्षण झाले आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले. गावात काम नसणे म्हणजे काय, हे या आकड्यातून कळते.

त्यामुळे 'मराठवाड्याला निधी द्या' ही मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे. निधी मंजूर होत नाही, असेही नाही. पण मंजूर रक्कम आणि गावातला रोजगार यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. घोषणा, प्रशासकीय मान्यता, अर्थसंकल्पीय तरतूद, प्रत्यक्ष वितरण आणि खर्च या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बातमी बहुतेकदा पहिलीची होते, रोजगार मात्र पाचवीतून मिळतो.

'अनुशेष' म्हणजे काय आणि तो कसा मोजला?

राज्याची सरासरी आणि एखाद्या भागाची प्रत्यक्ष स्थिती यांतली तूट म्हणजे अनुशेष. समजा सिंचन, रस्ते, वीज किंवा आरोग्यसेवेत जिल्हा सरासरीच्या खाली आहे. मग त्याला सरासरीपर्यंत आणायला जो खर्च येईल, तो त्या जिल्ह्याचा आर्थिक अनुशेष.

अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीने हा हिशेब प्रथम मांडला. १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये होता. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटी. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजणी केली. तेव्हा राज्याचा अनुशेष सुमारे १४,००७ कोटी आणि मराठवाड्याचा सुमारे ४,००५ कोटी निघाला. म्हणजे दहा वर्षांत मराठवाड्याचा अनुशेष पाचपटीच्या पुढे गेला. महागाई वाढली हे खरेच. पण पुढे गेलेले भागही तेवढ्या काळात थांबले नव्हते, त्यामुळे सरासरीच वर सरकत राहिली.

या मोजणीत एक अडचण आहे. मोजमापाचे एकक जिल्हा असते. बीडची सरासरी काढताना बीड शहर, परळीचे औष्णिक वीज केंद्र, माजलगाव धरणाखालचे बागायती शिवार आणि डोंगरकडेची कोरडवाहू गावे एकाच टोपलीत पडतात. १९९९ मध्ये तालुका झालेल्या वडवणीसारख्या छोट्या तालुक्याची तूट त्या सरासरीत झाकली जाते.

वैधानिक विकास मंडळाचे काय झाले?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ (२) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापता येतात, आणि त्याबाबत राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवता येते. विकासखर्चाचे समन्यायी वाटप एवढ्यापुरते हे कलम मर्यादित नाही. तंत्रशिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण आणि राज्याच्या सेवांमध्ये पुरेशी रोजगारसंधी यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

त्यानुसार १९९४ मध्ये तिन्ही मंडळे स्थापन झाली. वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली आणि ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. मंडळाच्या हाती मोठा निधी कधीच नव्हता. त्याचे काम निधी वाटणे हे नव्हतेच. दरवर्षी हिशेब मांडून 'आमच्या वाट्याचे किती आले' हे विधिमंडळासमोर आणणे, हे होते. मंडळ नसले की अनुशेष संपत नाही, फक्त तो मोजायला कोणी उरत नाही.

पॅकेज म्हणजे रोख रक्कम का?

नाही. ४ ऑक्टोबर २०१६ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत मराठवाड्यासाठी सुमारे ४९ हजार कोटींची कामे जाहीर झाली. १६ सप्टेंबर २०२३ रोजी त्याच शहरात पुन्हा बैठक झाली. या वेळी सुमारे ४५ हजार कोटींचे पॅकेज जाहीर झाले आणि सिंचन प्रकल्पांच्या सुधारित मान्यता धरून आकडा ५९ हजार कोटींवर गेला.

अशा आकड्यात साधारण चार प्रकारच्या रकमा एकत्र येतात. एक, खरोखर नव्या कामांचा खर्च. दोन, आधीच सुरू असलेल्या कामांचा उरलेला खर्च. तीन, केंद्राच्या योजनांतून येणारा पैसा. आणि चार, 'सुप्रमा' म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. रखडलेल्या धरणाचा खर्च वाढला की वाढीव किमतीला पुन्हा मान्यता घ्यावी लागते. त्यात नवे धरण नसते, जुन्याच धरणाची नवी किंमत असते. शिवाय सगळा खर्च अनेक वर्षांवर पसरलेला असतो आणि दर वर्षी त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद व्हावी लागते.

म्हणून पॅकेज जाहीर झाले की पहिला प्रश्न 'किती कोटी?' हा नसावा. 'चालू वर्षाच्या अर्थसंकल्पात यासाठी कोणत्या लेखाशीर्षाखाली किती तरतूद आहे?' हा असावा. उत्तर शून्य किंवा नाममात्र असेल, तर काम अजून कागदावरच आहे.

बीडच्या रेल्वेने काय शिकवले?

अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. मूळ अंदाज ३५३ कोटींचा होता. आज प्रकल्पाचा खर्च ४,८०५ कोटी आहे, म्हणजे जवळपास साडेतेरा पट. महागाई, भूसंपादनाचा वाढलेला मोबदला, विद्युतीकरणासारखी नंतर जोडलेली कामे ही कारणे आहेतच. पण सर्वांत मोठे कारण म्हणजे दरवर्षी मिळालेली तुटपुंजी तरतूद. काम जितके लांबते तितकी किंमत चढते, आणि किंमत चढली की तेवढ्याच तरतुदीत आणखी कमी काम होते.

राज्याने निम्मा खर्च उचलण्याची तयारी दाखवल्यावर या कामाला गती आली. सप्टेंबर २०२२ मध्ये नवीन आष्टीपर्यंत गाडी धावली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडपर्यंतची सेवा सुरू झाली. मंजुरीपासून बीडला गाडी येईपर्यंत तीस वर्षे गेली. बीडच्या पुढचा मार्ग वडवणी, सिरसाळा असा परळीला मिळतो. त्यामुळे वडवणीकरांसाठी हा विषय आता थेट दाराशी आला आहे.

रेल्वे आली म्हणजे आपोआप रोजगार आला, असे होत नाही. स्थानकात मालधक्का असेल, तिथपर्यंत जड वाहन जाईल असा रस्ता असेल, शेजारी गोदाम असेल, तर कापूस, सोयाबीन आणि सरकी-पेंडीचा व्यापार तालुक्यात थांबतो. नसेल तर रेल्वे केवळ माणसे बाहेर नेण्याचे आणखी एक साधन ठरते. मालधक्का, रस्ता आणि गोदाम ही तीन कामे तीन वेगवेगळ्या खात्यांची आहेत. त्यांची मागणी रुळाच्या कामासोबतच व्हावी लागते.

जिल्ह्याच्या निधीचे वेळापत्रक कसे असते?

तालुक्याला सर्वांत जवळचा पैसा जिल्हा वार्षिक योजनेचा. तो जिल्हा नियोजन समितीतून येतो. पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. घटनेच्या अनुच्छेद २४३-यघ नुसार समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिका संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायला हवेत. मात्र मार्च २०२२ मध्ये बीड जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. गट-गणातला माणूस ज्याच्या दारात जाऊन 'आमच्या रस्त्याचे काय झाले' असे विचारत असे, तो सदस्यच बैठकीत उरला नाही.

निधीचे वर्ष एप्रिलला सुरू होते. वित्त विभाग पैसा टप्प्याटप्प्याने सोडतो. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, ई-निविदा आणि कार्यारंभ आदेश. या पायऱ्या चढेपर्यंत पावसाळा सरतो. मध्येच निवडणूक आली तर आचारसंहितेत नवी कामे थांबतात. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये बिलांची घाई. जिल्हा परिषदेला आपला निधी पुढच्या आर्थिक वर्षातही खर्चण्याची मुभा असते, पण इतर यंत्रणांचा न खर्चलेला पैसा मार्चअखेर परत जातो.

आता शेजारी साखरेचे वेळापत्रक ठेवून पाहावे. मजुरांना उचल उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मिळते, नेमकी पेरणी, लग्न किंवा दवाखान्याच्या वेळी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टोळ्या निघतात. सरकारी कामे जमिनीवर सुरू होतात तीही पावसाळा संपल्यावरच, म्हणजे मजूर गाव सोडतात त्याच महिन्यांत. मार्चअखेर बिले निघतात, तेव्हा अनेक टोळ्या अजून फडातच असतात. गावातल्या कामाचा पैसा खर्ची पडतो, पण तो ज्यांना गावात थांबवू शकला असता, ते गावात नसतात.

रोजगार हमी असताना उचल का घ्यावी लागते?

रोजगार हमी ही महाराष्ट्राचीच देणगी. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर रुजली, १९७७ मध्ये राज्याचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाचा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १०० ऐवजी १२५ दिवसांच्या कामाची हमी आहे. पण महाराष्ट्रासारख्या राज्यांनी ४० टक्के खर्च उचलायचा आहे आणि शेतीच्या हंगामात वर्षातले ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे.

मजुरीचा साधा हिशेब करून पाहू. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोहयोची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. दोघांचे ६२४ रुपये. जानेवारी २०२४ च्या करारानुसार ऊसतोडणीचा मूळ दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला तर ७३२ रुपये. फरक आहे, पण घर सोडून फडात कोपीत राहावे इतका तो मोठा वाटत नाही.

खरा फरक दोन ठिकाणी आहे. पहिला दिवसांचा. केंद्राची १०० दिवसांची हमी कुटुंबाला होती, माणशी नव्हे. १०० दिवस पूर्ण मिळाले तरी वर्षाचे ३१,२०० रुपये होतात. दुसरा फरक वेळेचा. रोहयोचा पैसा काम झाल्यावर, मोजमाप पुस्तिका भरल्यावर, हजेरीपट पुढे गेल्यावर येतो. मुकादमाची उचल कामाच्या आधी, एकरकमी येते. कोयत्यामागे पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे. ती पुढे मानगुटीवर बसते, हे मजुराला ठाऊक असते. पण गरज असते त्या दिवशी हातात पडणारा पैसा तोच. सरकारी रोजगाराची खरी स्पर्धा साखर कारखान्याच्या दराशी नाही, मुकादमाच्या वेळेशी आहे.

उद्योगासाठी अनुदान मिळते, मग अडते कुठे?

स्वतःचा उद्योग टाकणाऱ्यांसाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही २०१९ पासून सुरू आहे. केंद्राच्या कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प मान्य होतो. सर्वसाधारण गटाला ग्रामीण भागात २५ आणि शहरी भागात १५ टक्के अनुदान असते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांना अनुक्रमे ३५ आणि २५ टक्के.

वडवणीत राहणाऱ्याने यातला एक बारकावा लक्षात घ्यावा. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पंचायतींखालील क्षेत्र ग्रामीण आणि नगरपालिका संस्थांखालील क्षेत्र शहरी धरले जाते. वडवणीला नगरपंचायत आहे. म्हणजे तोच १० लाखांचा कारखाना सर्वसाधारण गटातल्या तरुणाने वडवणी गावठाणात टाकला तर अनुदान दीड लाख, आणि शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत टाकला तर अडीच लाख. जागा ठरवण्याआधी हे पाहणे फायद्याचे.

अडते ते बँकेत. दहा लाखांच्या ग्रामीण प्रकल्पात सर्वसाधारण अर्जदाराचे एक लाख आणि अनुदानाचे अडीच लाख धरले, तरी साडेसहा लाखांचे कर्ज बँकेनेच द्यायचे असते. अनुदानही लगेच वापरायला मिळत नाही. ते तीन वर्षे कर्जखात्याशी जोडलेल्या ठेवीत राहते आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावर वळते होते. मोठ्या उद्योगांसाठी असलेल्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतही लाभ बहुतांशी उत्पादन सुरू झाल्यानंतरच्या परताव्यातून मिळतो. ज्याच्याकडे आधीच भांडवल आहे त्याला हे चालते. उचलीवर जगणाऱ्या कुटुंबातल्या तरुणाला पहिले एक लाख कुठून आणायचे, इथेच प्रश्न पडतो.

एक वेगळी वाट प्रक्रिया उद्योगाची आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे. 'एक जिल्हा एक उत्पादन' मध्ये बीडसाठी सीताफळ निवडले गेले आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. बालाघाटाच्या कडेला हे फळ माळरानावर येते आणि त्याचा हंगाम नेमका टोळ्या निघण्याच्या आसपास असतो. फळ दोन दिवसांत पिकून उतरते, त्यामुळे गर काढून गोठवण्याची सोय गावाजवळच हवी. बचतगटांना हे काम जमण्यासारखे आहे, पण त्यासाठी शीतगृह आणि अखंड वीज हा सार्वजनिक खर्च आधी व्हावा लागतो.

ऊसतोड कामगारांसाठी वेगळा निधी आहे का?

आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये आणि तेवढीच रक्कम सरकारकडून, असे सूत्र ठरले. मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जून २०२१ मध्ये मंजूर झाली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे. पहिल्या टप्प्यात बीड, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि जालना जिल्ह्यांतल्या १० तालुक्यांत २० वसतिगृहे घेण्यात आली.

हा निधी इतर निधींपेक्षा वेगळा आहे. त्याचा स्रोत उसाशी बांधलेला आहे, दरवर्षीच्या मर्जीशी नाही. गाळप झाले की वाटा जमा व्हायला हवा. शिवाय वसतिगृह हा केवळ कल्याणाचा खर्च नव्हे. दहावी-बारावी गावात पूर्ण केलेला मुलगा किंवा मुलगी पुढच्या हंगामात कोयता उचलण्याची शक्यता कमी होते.

मग वडवणीने मागावे काय आणि कधी?

पुढच्या वर्षाच्या जिल्हा आराखड्याची जुळवाजुळव हिवाळ्यात होते. डिसेंबर-जानेवारीत जिल्हा नियोजन समितीसमोर प्रारूप येते. त्यानंतर राज्यस्तरीय बैठकीत वाढीव मागणी मांडली जाते आणि मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प सादर होतो. त्यामुळे मार्चमध्ये निवेदन देऊन एप्रिलच्या निधीत काम बसत नाही. ग्रामसभेचा ठराव, जागेचा उतारा आणि अंदाजपत्रक नोव्हेंबरपर्यंत संबंधित यंत्रणेकडे पोहोचायला हवे. रोहयोच्या कामांचा आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून ठरत आला आहे. म्हणजे टोळ्या निघण्याआधी, मजूर गावात असतानाच.

मागणीचा मजकूरही बदलावा लागेल. 'तालुक्याचा विकास करावा' या ओळीला कोणतेही लेखाशीर्ष नसते. 'वडवणी स्थानकात मालधक्का', 'अमुक गावात पाझर तलावाची दुरुस्ती, काम ऑगस्टमध्ये मंजूर आणि ऑक्टोबरआधी सुरू', 'तालुक्यात मुला-मुलींची दोन वसतिगृहे' या ओळींना असते. शासन निर्णय आणि 'बीम्स' या निधी वितरण प्रणालीतले आकडे संकेतस्थळावर पाहता येतात. कोणत्या कामाला किती तरतूद झाली आणि त्यांपैकी किती पैसा सोडला, हे तपासायला आता मंत्रालयाची पायरी चढावी लागत नाही.

मराठवाड्याच्या वाट्याचा निधी वाढायलाच हवा, याबद्दल वाद नाही. पण ३५३ कोटींची रेल्वे ४,८०५ कोटींना पडली, ती मागणी कमी होती म्हणून नव्हे. पैसा उशिरा आणि तुकड्यातुकड्याने आला म्हणून. पुढचे पॅकेज जाहीर होईल तेव्हा त्यातला पहिला हप्ता कोणत्या महिन्यात वडवणीत पोहोचणार, हे आधी विचारावे. दसऱ्याच्या आत पोहोचला तर काही कोयते घरी राहतील. नंतर पोहोचला तर ते तोवर साखर पट्ट्यातल्या फडात पोहोचलेले असतील.